फळझाडाचं कलम लावताना: मार्चपासून पुढच्या जूनपर्यंतचा क्रम

जूनचा पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांपुढे टेम्पो लागतात. कलमं घरी येतात, त्याच संध्याकाळी टिकाव-फावडं निघतं, दीड फुटाचा खड्डा पडतो, त्यात घमेलंभर शेणखत आणि वर कलम. गणपतीपर्यंत सगळं हिरवंगार. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात, मार्चमध्ये शेंडा वाळतो आणि मे महिन्यात निकाल लागतो की रोपवाटिकेनं फसवलं. कधी कधी फसवलेलं असतंही. पण बहुतेक वेळा कलम ठीक असतं, कामं उलटसुलट झालेली असतात. उन्हाळ्यातली कामं पावसात उरकलेली असतात आणि लागवडीनंतरच्या वर्षातली कामं कुणी केलेलीच नसतात.

इथे दिलेला क्रम आंबा, चिकू, पेरू, सीताफळ आणि लिंबू या झाडांना लागू पडतो. द्राक्ष, डाळिंब यांचं तंत्र वेगळं आहे, त्यात इथे शिरत नाही. परसात चार झाडं असोत की रानात दोन एकर, पायऱ्या याच.

## १. जमीन तपासा (मार्च)

भाजीपाल्याला वरची वीतभर माती पुरते. फळझाडाची मुळं तीन फूट आणि त्याखाली जातात, म्हणून मातीचा नमुनाही तिथपर्यंतचा हवा. एक मीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेनं ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा तीन थरांची माती वेगवेगळी काढा. प्रत्येकी अर्धा किलो, सावलीत वाळवून, कापडी पिशवीत, आत थर लिहिलेली चिठ्ठी. बांधाजवळची, उकिरड्याची किंवा झाडाखालची माती घेऊ नका. सगळे थर एकत्र कालवून माती तपासणी प्रयोगशाळेत पाठवले तर खालची चुनखडी अहवालात दिसतच नाही, आणि नेमकी तीच पुढे नडते.

अहवालात तीन आकडे बघा. सामू (पीएच) साधारण ६.५ ते ७.५, क्षारता (ईसी) १ च्या आत आणि मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत. चुन्याबाबत लिंबूवर्गीय झाडं फार नाजूक असतात. चुनखडीच्या जमिनीत त्यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग दुकानदार एकामागून एक औषधांच्या बाटल्या देत राहतो. अहवाल यायला वेळ असेल तर खालच्या थरातली चिमूटभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर तिथे लिंबू लावायचा विचार सोडलेला बरा.

दुसरी तपासणी निचऱ्याची. दोन फूट खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनंतरही तळाशी दिसत असेल तर तिथे खड्डा पद्धत विसरा.

सावधान: भारी काळ्या जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात पोयटा (गाळाची माती) आणि शेणखत भरलं की आजूबाजूचं पाणी त्या भुसभुशीत जागेत उतरतं आणि घट्ट चिकणमातीमुळे बाहेर पडत नाही. झाड पाण्यानं भरलेल्या घमेल्यात उभं केल्यासारखं होतं. अशा जमिनीत दीड-दोन फूट उंच आणि निदान चार-पाच फूट रुंद वरंबे ओढा आणि कलमं वरंब्यावर लावा. विदर्भ-मराठवाड्यात जुलै-ऑगस्टमध्ये मरणाऱ्या कलमांपैकी बरीचशी तहानेनं मरत नाहीत, मुळं गुदमरून मरतात.

## २. आखणी (एप्रिल)

आंबा आणि चिकू १० × १० मीटर, म्हणजे एकरी ४० झाडं. पेरू आणि लिंबू ६ × ६ मीटर, एकरी १११ च्या आसपास. सीताफळ ५ × ५ मीटर, एकरी १६०. आंबा ५ × ५ वरही लावतात, पण ती पद्धत दरवर्षी फळं उतरल्यावर छाटणी करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना झाडावर कात्री चालवताना जीव तुटतो त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आठव्या-दहाव्या वर्षी फांद्या एकमेकींत शिरतात, आत ऊन पोचत नाही आणि मोहोर फक्त वर शेंड्याला येतो.

काटकोनासाठी यंत्र लागत नाही. बांधालगतच्या रेषेवर ४ मीटर मोजा, दुसऱ्या बाजूला ३ मीटर, आणि दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर ५ मीटर भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवा. सुतळी भिजली की आखडते, म्हणून मोजमापाला टेपच वापरा.

खुंट्या रोवून झाल्या की एक गोष्ट हमखास राहते. खड्डा खणला की खुंटी जाते, मग झाड नेमकं कुठे लावायचं? यासाठी दीड मीटर लांबीची एक फळी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना आणि बरोबर मध्यावर खाचा पाडा. मधली खाच खुंटीला लावून टोकांच्या खाचांत दोन छोट्या खुंट्या ठोका आणि मगच मधली काढून खड्डा घ्या. लागवडीच्या दिवशी फळी परत त्या दोन खुंट्यांवर ठेवली की मधल्या खाचेत कलमाचं खोड येतं. फळी बनवायला दहा मिनिटं लागतात, वाकड्या ओळी मात्र तीस वर्षं बघाव्या लागतात.

परसातल्यांसाठी एवढंच: आंबा भिंतीपासून निदान १५ फूट लांब हवा आणि वर विजेची तार नको.

हापूसची बाग असेल तर साधारण दहा झाडांमागे एक केसर, रत्ना अशा दुसऱ्या जातीचं ठेवा. एकट्या हापूसपेक्षा मिश्र परागांनी फळधारणा चांगली होते.

## ३. खड्डे (एप्रिलअखेर ते मेचा मध्य)

आंबा-चिकूला १ × १ × १ मीटर, पेरू, लिंबू, सीताफळाला ६० × ६० × ६० सेंटिमीटर. खणताना वरची निम्मी माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. मजुरांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर एकच ढीग होतो. वरची माती कसदार असते, भरताना ती खाली, मुळांच्या वाटेवर जायला हवी.

खड्डे निदान तीन आठवडे मेच्या उन्हात उघडे तापू द्या. हुमणीच्या अळ्या, बुरशीचे बीजाणू, कुंदा-हरळी या तणांची मुळं यांना तो उन्हाचा मार पुरेसा असतो. पावसात खणलेल्या खड्ड्याला हा फायदा कधीच मिळत नाही.

तपासा: खड्डे यंत्रानं घेतले असतील तर आतल्या भिंतींवरून हात फिरवा. ओलसर चिकणमातीत यंत्राच्या पात्यानं भिंती गुळगुळीत, जवळजवळ लिंपल्यासारख्या होतात. मुळं त्या भिंतीला अडतात आणि आतल्या आत गोल फिरतात. पहारीनं चारही बाजू खरवडून खडबडीत करा.

कोकणात कातळावर लागवड असेल तर खड्डा फोडूनच घ्यावा लागतो आणि भरायला बाहेरची माती आणावी लागते. तिथे खड्ड्याचं माप कमी करून पैसे वाचवू नका, झाडाला मिळणारी बहुतेक जमीन तेवढीच असते. खणताना तळाशी भेग लागली तर उत्तम, पाणी तिथून निघून जातं.

## ४. खड्डे भरणं (मेअखेर, पावसाआधी)

तळाशी वीतभर पालापाचोळा. त्यावर वरच्या थराची माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक ते दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो निंबोळी पेंड हे सगळं एकत्र कालवून. लहान खड्ड्याला याच्या निम्मं. थरावर थर न टाकता कालवण करा, नाहीतर मुळं शेणखताच्या थराशी आली की तिथेच घोटाळतात.

शेणखत कुजलेलं आहे की नाही हे नाकानं कळतं. मुठीत घेतलं की पावसानं भिजलेल्या मातीसारखा वास यायला हवा. शेणाचा किंवा मुताचा वास येत असेल, हाताला गरम लागत असेल, आत काडी अख्खी दिसत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या शेणखतात हुमणी येते, वाळवी येते, आणि ते खड्ड्यात कुजताना जी उष्णता सुटते तिनं पांढरी मुळी जळते. खत कच्चंच असेल तर या वर्षी खड्ड्यात घालूच नका, पुढच्या वर्षी आळ्यात द्या.

भरताना माती जमिनीच्या वर अर्धा फूट येऊ द्या. पहिल्या दोन-तीन पावसांत ती बसते. ज्यांनी खड्डा जमिनीलगत भरला त्यांचं झाड जुलैअखेर डबक्यात उभं असतं. खड्डा भरून लगेच लागवड केली तरी तेच होतं, माती बसते आणि तिच्याबरोबर कलमही खाली जातं.

## ५. कलम निवडणं (जून)

परवाना असलेली रोपवाटिका आणि जातीचं नाव लिहिलेली पावती, ही पहिली अट. मग कलम हातात घेऊन बघा:

- उंची दीड-दोन फूट, खोड पेन्सिलीएवढं. तीन फुटी बारीक, लवलवीत कलम सावलीत आणि जादा युरियावर वाढलेलं असतं.
- जोड, म्हणजे खालचं रोप आणि वरची काडी जिथे बांधली ती जागा, पिशवीतल्या मातीच्या वर वीतभर अंतरावर, दोन्ही भाग सारख्या जाडीचे. हलक्या हातानं वाकवून बघा. जोडाशी फट दिसली तर ते कलम बाजूला ठेवा.
- शेंड्याची पानं पक्की, गडद हिरवी. तांबूस कोवळी पालवी असलेलं कलम दिसायला देखणं असतं, पण प्रवासातच मान टाकतं.
- पिशवीखालून जाड मूळ बाहेर पडून जमिनीत रुतलेलं नको. ते उपटलं की मुख्य मूळ तुटतं.

पेरूच्या बाबतीत आणखी एक. रोपवाटिकेवाल्याला सांगून एक पिशवी फोडून मुळं बघा. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी) आहेत. त्या ठिकाणचं एकही कलम घेऊ नका, कारण ते एकदा जमिनीत शिरले की बाहेर काढता येत नाहीत.

आंब्याचं कोय कलम (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेलं) निदान वर्षाचं झालेलं असावं. कागदी लिंबाला कलमच हवं असा आग्रह नको. त्याच्या एका बीतून अनेक अंकुर फुटतात आणि त्यातले बहुतेक आईसारखेच असतात, म्हणून चांगल्या झाडाच्या बियांची रोपं चालतात. आंब्याला हे लागू नाही. हापूसच्या कोयीतून हापूस येईल याची काहीच खात्री नसते.

लागणाऱ्या संख्येपेक्षा दहा टक्के कलमं जादा घ्या. त्यांचं काय करायचं ते शेवटच्या पायरीत येईल.

## ६. आणल्यावर आठवडाभर थांबा

टेम्पोतून उतरलेलं कलम वाऱ्यानं सुकलेलं असतं आणि त्याची मुळं हादरलेली असतात. झाडाच्या विरळ सावलीत उभं ठेवून आठ-दहा दिवस पाणी द्या, शेवटचे दोन-तीन दिवस थोडं ऊन लागू द्या. गळायची ती पानं इथेच गळतात. या काळात जी कलमं मान टाकतात ती खड्ड्यातही टाकणारच होती.

## ७. लागवडीचा दिवस

साधारण भागात दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातली माती बसल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलै. कोकणात आणि घाटमाथ्यावर एक तर जूनच्या सुरुवातीला, नाहीतर मुसळधार ओसरल्यावर ऑगस्टअखेरीस. ढगाळ दिवस किंवा दुपारी चारनंतरची वेळ निवडा.

आदल्या दिवशी पिशव्यांना पाणी द्या. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, ओलसर असली की टिकते. कोरडी असली तर भुगा होते आणि पाणी निथळत असेल तर गळून पडते.

खड्ड्याच्या मधोमध फक्त हुंडी मावेल एवढीच जागा उकरा. दीड मीटरची फळी ठेवून मध्य पक्का करा. आता पिशवी. वरून धरून कलम ओढून काढायचं नाही. पिशवी आडवी हातावर घ्या, ब्लेडनं तळ कापून काढा, मग एका बाजूनं उभी चीर द्या, आणि खालून हाताचा आधार देऊन कलम खड्ड्यात उभं केल्यावरच प्लास्टिक बाजूला ओढा. तळाशी मुळं गोल फिरलेली दिसली तर तेवढा गुंता ब्लेडनं कापून टाका. घाबरू नका, तिथूनच नवी मुळं फुटतात. न कापता लावलेलं मूळ पुढेही गोलच फिरत राहतं आणि पाच-सहा वर्षांनी जोराच्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवं होतं.

पिशवी तशीच ठेवून लावलेली कलमं अजूनही सापडतात. "आपोआप कुजते" असं सांगणारे लोकही. प्लास्टिक कुजत नाही.

खोली: पिशवीत माती जिथपर्यंत होती, जमीनही तिथपर्यंतच. जोड मातीच्या वर निदान वीतभर राहायलाच हवा. "वारा लागू नये" म्हणून जोडापर्यंत माती चढवणं ही या सगळ्या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. जोडाशी ओल राहते, तिथे बुरशी शिरते, आणि लिंबात डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, सुरू होतो.

माती चारही बाजूंनी भरून हातानं दाबा. पायानं, त्यातही टाचेनं, दाबलं की हुंडी फुटते आणि केसासारखी मुळं तुटतात. जोडावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर जोडाच्या उलट बाजूनं ब्लेडची चीर देऊन सोडवा. राहिलेली पट्टी वर्षभरात खोडात रुतते.

आधाराची काठी पश्चिमेच्या, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या बाजूला, हुंडीच्या बाहेर रोवा. सुतळीचा फास इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घाला, एक वेढा काठीला आणि एक सैलसर खोडाला. खोड थोडं हलायला हवं, त्यानंच ते जाड होतं.

पाऊस चालू असला तरी लगेच बादलीभर पाणी द्या. त्यानं मातीतल्या पोकळ्या बुजतात.

तपासा: संध्याकाळी ओळीनं फिरून प्रत्येक कलम दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढा. सहज वर आलं तर माती नीट दाबलेली नाही.

## ८. आळं, पाणी, आच्छादन

खोडाजवळ माती उंच, बाहेरच्या कडेला खोल, असं आळं हवं. पाणी खोडाला भिडता कामा नये. पावसाळ्यात आळं एका बाजूनं फोडून ठेवा आणि परतीचा पाऊस संपला की बांधा.

ऑक्टोबरपासून पाण्याकडे लक्ष. वारावर पाणी देण्यापेक्षा बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा. साधारणपणे हिवाळ्यात आठवड्यानं आणि एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा लिटर लागतं, हलक्या मुरमाड जमिनीत त्याआधीच. ठिबक असेल तर सुरुवातीला तोट्या हुंडीच्या कडेला, खोडापासून वीतभरच ठेवा, कारण मुळं अजून तेवढ्यातच आहेत. दोन-तीन पालव्या आल्या की त्या एक फुटावर सरकवा. पहिल्याच दिवशी दोन फुटांवर ठेवलेल्या ठिबकखाली तण जोमानं वाढतं आणि कलम वाळतं.

ठिबक नसेल तर मडकं. पाच-सात लिटरच्या मडक्याला तळाशी बारीक भोक, त्यात कापडाची वात. खोडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर झाकण.

आळ्यात गवत किंवा भुसकटाचा तीन-चार इंच थर द्या, मात्र खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. आच्छादन खोडाला चिकटलं तर वाळवी त्याच्याआडून साल खाते आणि ते दिसायला उशीर होतो.

फेब्रुवारीअखेर पश्चिम आणि दक्षिण बाजूला झावळ्यांचा किंवा पळाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) आडोसा करा. दुपारी तीनचं ऊन पहिल्या वर्षाच्या सालीला भाजतं.

## ९. खत, फुटवे, मोहोर

लागवडीनंतर पहिली पालवी येऊन पक्की होईपर्यंत रासायनिक खत नको. त्यानंतर शिफारशीप्रमाणे, खोडापासून फूटभर लांब रिंगण करून द्या आणि मातीनं झाका.

इथे हिशेबाची एक चूक सर्रास होते. शिफारस नत्र, स्फुरद, पालाश यांत असते, गोणी मात्र युरियाची असते. १०० ग्रॅम नत्र म्हणजे २१७ ग्रॅम युरिया. १०० ग्रॅम स्फुरद म्हणजे ६२५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. १०० ग्रॅम पालाश म्हणजे १६७ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. गोणीवरचा टक्का वाचा, १०० ला त्यानं भागा आणि शिफारशीतल्या ग्रॅमनं गुणा. नत्राचे १०० ग्रॅम म्हणून युरियाचे १०० ग्रॅम घातले तर झाडाला निम्म्यापेक्षा कमी मिळतं.

जोडाच्या खाली, खुंटावर (ज्या रोपावर कलम बांधलं त्यावर) येणारा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बोटानं खुडा. दर पंधरा दिवसांनी हे बघायला हवं. खुंट गावठी असतो, त्याची वाढ जोरकस असते. तो एकदा वर गेला की वरचं कलम मागे पडतं आणि कधी वाळलं ते कळतही नाही. पाच वर्षांनी हापूसच्या जागी रायवळ लागतो आणि पुन्हा दोष रोपवाटिकेवर जातो. फुटवा कात्रीनं कापू नका, बुडखा राहतो आणि तिथून दोन येतात.

कलमाला पहिल्याच हिवाळ्यात मोहोर येतो. काढून टाका. पेरूची फुलंही. आंब्याला तीन वर्षं, पेरूला निदान पहिलं वर्ष. घरातली मोठी माणसं नाराज होतात, "एक तरी आंबा राहू दे" म्हणतात. त्या एका आंब्यापायी त्या वर्षीची पालवी जाते.

मधल्या जागेत भुईमूग, मूग, चवळी चालतात. ऊस किंवा ज्वारी खोडाजवळ नको, आणि पेरूच्या बागेत टोमॅटो, वांगी, भेंडी तर नकोच, कारण ती पिकं सूत्रकृमींना पोसतात.

## १०. नांग्या, म्हणजे मेलेल्या कलमांच्या जागा, भरणं (पुढचा जून)

जादा घेतलेली दहा टक्के कलमं मोठ्या पिशव्यांत हलवून वर्षभर तुमच्याकडेच वाढवा. पुढच्या जूनमध्ये ती बागेतल्या कलमांच्या बरोबरीची असतात. नवीन आणलेलं छोटं कलम मोठ्या शेजाऱ्यांत कायम मागे राहतं.

मेलेल्या कलमाच्या जागी दुसरं लावण्याआधी जुनं उपटून मुळं बघा. मुळं काळी, साल हातात सुटणारी आणि कुबट वासाची असतील तर पाणी साचलं होतं. तिथे आधी चर काढा किंवा जागा उंच करा. मुळं कोरडी, हुंडीच्या बाहेर एकही न गेलेली असतील तर पाणी कमी पडलं किंवा खड्ड्याची भिंत आडवी आली. खोडावर मातीचे पापुद्रे आणि आत पोखरलेलं असेल तर वाळवी. हुंडीवर प्लास्टिक सापडलं तर लागवडीला कोण होतं ते आठवा आणि उरलेल्या ओळीतली कलमंही हळूच उकरून बघा.

यातलं काहीच दिसलं नाही तर त्या खड्ड्यातली दोन फुटांपर्यंतची माती काढून चार दिवस उन्हात पसरा आणि मगच नवं कलम लावा.